मोनोवाय: एका माणसाचे गाव कसे उरले

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, नायोब्रारा आणि मिसुरी या नद्यांच्या बेचक्यात, बॉइड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मोनोवाय नावाचे गाव आहे. 2010 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या 1 भरली. त्या एकट्या रहिवासी, एल्सी आयलर, याच गावच्या महापौर, कारकून, खजिनदार, ग्रंथपाल आणि तिथल्या एकमेव खानावळवजा बारच्या मालकीण. जगभरच्या बातम्यांत ही गोष्ट गंमत म्हणून फिरली. गाव रिकामे का झाले, याचे उत्तर मात्र ते वसले कशासाठी यात दडलेले आहे. त्यासाठी आधी एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा.

आपल्याकडे गाव म्हटले की गावठाण डोळ्यांपुढे येते. घरे एकत्र, शेते भोवताली, सकाळी माणसे शिवारात जाणार आणि संध्याकाळी परतणार. मिडवेस्टमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागात, मांडणी नेमकी उलटी आहे. सरकारी मोजणीने ही सगळी जमीन एक मैल बाय एक मैल अशा चौकोनांत आखली गेली. प्रत्येक चौकोन 640 एकरांचा, त्याचा पाव हिस्सा 160 एकर. 1862 च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला हा पाव हिस्सा मिळे. अट अशी की पाच वर्षे तिथेच राहायचे आणि जमीन कसायची. त्यामुळे शेतकऱ्याचे घर त्याच्या शेतातच आणि शेजारी अर्ध्या मैलावर. जिथे शेतकरी राहत नाहीत, पण जिथे त्यांना आठवड्यातून एकदा यावेच लागते, ती जागा म्हणजे तिथले गाव. स्टेशन, पोस्ट, किराणा दुकान, शाळा, चर्च एवढाच त्याचा ऐवज. मोनोवायची हद्द जेमतेम 0.54 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे 135 एकरांच्या आसपास. एका होमस्टेडपेक्षाही लहान.

या जमिनीचा इतिहास अर्थातच मोजणीदारांच्या साखळीपासून सुरू होत नाही. नायोब्रारा मिसुरीला मिळते तो सगळा परिसर पाँका या मूलनिवासी लोकांचा. 7 सप्टेंबर 1804 रोजी लुईस आणि क्लार्क यांची सरकारी शोधमोहिमेवरची तुकडी मिसुरीतून वर जात असताना, आजच्या लिंच गावाच्या उत्तरेला, एका बोडक्या टेकडीजवळ थांबली. तिथे त्यांना जमिनीत वसाहत करून राहणारे खारीच्या कुळातले प्राणी दिसले. बिळात पाणी ओतून ओतून त्यांनी एक जिवंत पकडला. शास्त्रीय जगाला प्रेअरी डॉगची ओळख इथून झाली.

पाँकांच्या वाट्याला मात्र याच शतकात सरकारी कागदातली एक चूक आली. 1868 च्या फोर्ट लॅरमी तहात अमेरिकी सरकारने सू या दुसऱ्या मूलनिवासी लोकांना जी जमीन लिहून दिली, तिच्यात पाँकांची, आधीच्या तहांनी त्यांना दिलेली जमीनही घातली. चूक दुरुस्त करण्याऐवजी 1877 मध्ये पाँकांनाच आजच्या ओक्लाहोमाकडे हाकलण्यात आले. तिथे आजारपणात माणसे मेली. त्यांचा नायक स्टँडिंग बेअर मृत मुलाला पूर्वजांच्या भूमीत पुरण्यासाठी जानेवारी 1879 मध्ये सुमारे 30 जणांसह उत्तरेकडे निघाला. सैन्याने त्याला अटक केली आणि ओमाहाच्या फेडरल न्यायालयात खटला उभा राहिला. मे 1879 मध्ये न्यायाधीश एल्मर डंडी यांनी निकाल दिला की इंडियन (म्हणजे मूलनिवासी) हीदेखील कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ आहे आणि बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागू शकते. नंतर काही पाँका परतले आणि नायोब्राराकाठी पुन्हा वसले.

तोवर हा पट्टा नेब्रास्कात नव्हताच. राज्याची उत्तर सीमा पश्चिमेकडून 43 व्या अक्षांशावरून येई आणि मग कीया पाहा व नायोब्रारा या नद्यांच्या पात्रातून खाली उतरे. नद्यांच्या उत्तरेचा भाग डाकोटा टेरिटरीचा, म्हणजे अजून राज्य न झालेल्या प्रदेशाचा होता. 1882 च्या कायद्याने सीमा सरळ 43 व्या अक्षांशावर नेली. सू लोकांचा हक्क संपेपर्यंत ही तरतूद अमलात येणार नव्हती, आणि तो 1889 च्या कराराने संपवण्यात आला. मग जमीन वसाहतीसाठी खुली झाली. 1891 मध्ये काउंटी स्थापन झाली आणि तिला गव्हर्नर जेम्स बॉइड यांचे नाव मिळाले. नेब्रास्काचा बराचसा भाग तोवर एक पिढीभर कसला गेला होता, त्यामुळे या काउंटीच्या नशिबी उशिरा आणि घाईघाईने झालेली वसाहत आली. पाऊस वर्षाला 600 मिलिमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही. चांगल्या वर्षी मका येतो, वाईट वर्षी फक्त गवत.

1902 मध्ये फ्रीमाँट, एल्कहॉर्न अँड मिसुरी व्हॅली रेल्वेने व्हर्डिग्रीकडून आपली शाखा पुढे वाढवली. पाँका क्रीक या ओढ्याच्या खोऱ्यातून चढ टाळत ती पश्चिमेला साउथ डाकोटात शिरली. या वाटेवर व्हर्डेल, मोनोवाय, लिंच, ब्रिस्टो, स्पेन्सर अशी स्टेशनांची माळ आहे. मोनोवाय हे नाव एका मूलनिवासी भाषेतल्या ‘फूल’ या अर्थाच्या शब्दावरून पडले असे सांगतात, कारण त्या जागी रानफुले भरपूर होती. पुढच्याच वर्षी, 1903 मध्ये, ही रेल्वे शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीत विलीन झाली.

ही स्टेशने इतकी जवळजवळ का? मोनोवाय ते लिंच अंतर 11 किलोमीटरच्या आसपास आहे. धान्याने भरलेली घोडागाडी ताशी पाच-सहा किलोमीटर चालते. सकाळी निघून, माल विकून, किराणा आणि कोळसा भरून अंधाराच्या आत घरी यायचे, तर स्टेशन आठ-दहा किलोमीटरच्या टप्प्यात हवे. त्याहून लांब असले तर शेतकऱ्याचा एक मुक्काम वाढतो, किंवा तो दुसऱ्या रेल्वेकडे वळतो. गाडीतून गुरे, डुकरे आणि धान्य बाहेर जाई. इमारती लाकूड आणि कोळसा आत येई, कारण या गवताळ मुलखात सरपणालासुद्धा झाडे नव्हती. म्हणजे मोनोवायचे नकाशावरचे स्थान घोड्याच्या चालीने ठरवले. ही चाल बदलली की गावाचे प्रयोजनही जाणार, हे तेव्हा कुणाच्या मनात आले नसावे. खरे तर उतरणीची एक पायरी त्याच साली घातली गेली: शेतावरच्या घरापर्यंत टपाल पोचवणारी ग्रामीण टपाल सेवा 1902 मध्येच कायम झाली. 1913 पासून पार्सलेही टपालाने येऊ लागली आणि कॅटलॉगमधून मागवलेला माल दुकानदाराला वगळून थेट शेतावर जायला मोकळा झाला.

जनगणनेचे आकडे एका रांगेत ठेवले तर गोष्ट स्पष्ट दिसते. 1910 मध्ये 109, 1920 मध्ये 100, 1930 मध्ये 123. बातम्यांत तिसाच्या दशकातला कळस 150 असा सांगितला जातो, पण दहा वर्षांच्या गणनेत 123 च्या वर आकडा कधी गेला नाही. 1940 मध्ये 99, 1950 मध्ये 67, 1960 मध्ये 40, 1970 मध्ये 16. पुढे 1980 ला 18, 1990 ला 6, 2000 ला 2.

खरी पडझड 1930 ते 1970 या चाळीस वर्षांतली आहे आणि तिची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. आधी मंदी आली, सोबत दुष्काळ आणि टोळ. कर्जबाजारी झालेले शेत शेजाऱ्याने घेतले. मग ट्रॅक्टर आला आणि घोड्यांवर 160 एकर करणारे कुटुंब दोन-चार पट जमीन करू शकले. अधिक जमीन म्हणजे कमी घरे. 2017 मध्ये नेब्रास्कातल्या शेताचे सरासरी क्षेत्र 971 एकर होते. होमस्टेडच्या हिशेबाने सहा कुटुंबांची जमीन आता एकाकडे. त्यात मोटार आणि पक्का रस्ता आले. 12 क्रमांकाचा राज्यमार्ग मोनोवायवरूनच जातो, पण त्या रस्त्याने लिंच दहा मिनिटांवर आले. थोडा मोठा किराणा, थोडी मोठी शाळा, थोडा स्वस्त भाव जिथे मिळेल तिथे लोक जाऊ लागले. रस्ता आला की गाव वाढते ही आपली समजूत इथे उलटी पडते. दोन जवळच्या गावांमधला प्रवास सोपा झाला की त्यातले धाकटे मरते.

बंद होण्याचा क्रमही ठरलेला असतो. गिऱ्हाईक कमी होते म्हणून दुकान बंद. दुकान नाही म्हणून पोस्टाला येणारे कमी. तरुण कुटुंबे नाहीत म्हणून शाळेचा पट घटतो. आणि शाळा गेली की नवे कुटुंब तिथे घर घेत नाही. मोनोवायच्या चर्चमधला शेवटचा अंत्यविधी 1960 चा. पोस्ट आणि तीनपैकी उरलेले शेवटचे किराणा दुकान 1967 ते 1970 च्या दरम्यान गेले, शाळा 1974 मध्ये. रेल्वेही राहिली नाही. 1971 पासून चालू झालेला बार मात्र तगला. त्याचे गिऱ्हाईक गावातले नव्हतेच. भोवतालचे शेतकरी, शिकारी आणि महामार्गावरून जाणारे ट्रकवाले तिथे येत. 2004 मध्ये एल्सी यांचे पती रूडी वारले, त्यानंतर रूडी यांच्या सुमारे 5,000 पुस्तकांचे ग्रंथालय एका छोट्या शेडमध्ये सुरू झाले.

हे एकट्या मोनोवायचे दुखणे नाही. बॉइड काउंटीत 1910 मध्ये 8,826 माणसे होती, 2020 मध्ये 1,810. याच काउंटीतल्या ग्रॉस गावी 2010 मध्ये फक्त 2 जण राहत होते. रिकामी जागा पाहून वेगळी गिऱ्हाइकेही येतात: 1989 मध्ये पाच राज्यांचा कमी तीव्रतेचा किरणोत्सारी कचरा पुरण्यासाठी याच काउंटीतली ब्यूट गावाजवळची जागा निवडली गेली. स्थानिकांचा विरोध वर्षानुवर्षे चालला, 1998 मध्ये राज्याने परवाना नाकारला, आणि त्यापायी नेब्रास्काला पुढे 14 कोटी 10 लाख डॉलरची तडजोड करावी लागली. मार्च 2019 च्या पुरात बर्फाच्या लाद्यांनी नायोब्रारावरचे 1927 चे स्पेन्सर धरण फोडले, तेव्हा 281 क्रमांकाचा महामार्ग तुटला आणि खाली नायोब्रारा गावाजवळ 12 क्रमांकाच्या मार्गावरचा पूलही वाहून गेला. मोनोवायची पूर्वेकडची वाट तिथूनच जाते.

आता कायद्याकडे वळू. नेब्रास्कात ‘व्हिलेज’ हा दर्जा 100 ते 800 वस्तीच्या ठिकाणाला मिळतो आणि कारभार पाच विश्वस्तांच्या मंडळाकडे असतो. 100 ही अट दर्जा मिळवतानाची आहे. लोक कमी झाले म्हणून तो आपोआप जात नाही. म्हणून मोनोवाय अजून कायदेशीर गाव आहे, आणि त्याचे कागद भरावे लागतात. महापौरांनी सुमारे 500 डॉलर कर स्वतःवरच बसवून पाणी आणि दिवे चालू ठेवले. चार पथदिव्यांसाठी राज्याचा निधी हवा तर दर वर्षी रस्त्यांचा आराखडा पाठवायचा. बारचा मद्यपरवाना मंजूर करणारी सहीही त्यांचीच.

सगळ्यात मजेदार गाठ 2020 च्या जनगणनेत पडली. आकडा 2 आला. दुसरे कुणी राहायला आलेले नव्हते. कायद्याने जनगणनेतली वैयक्तिक माहिती 72 वर्षे गुप्त ठेवावी लागते. छोट्या वस्तीचे तक्ते इतर माहितीशी जुळवले तर माणूस ओळखू येतो, म्हणून 2020 मध्ये जनगणना विभागाने आकड्यांत मुद्दाम गणिती गोंगाट मिसळला. राज्याची एकूण लोकसंख्या आणि घरांची संख्या यांना हात लावला नाही; त्याखालच्या पातळीवर थोडी भर-घट केली. कोट्यवधींच्या शहरात असा एकाचा फरक दिसतही नाही. शिवाय लोकसंख्या उणे दाखवता येत नाही, त्यामुळे अगदी लहान आकड्यांना खाली जायला जागा नसते आणि ते वरच ढकलले जाण्याची शक्यता अधिक. जिथे एकच माणूस राहतो आणि सगळ्या जगाला ती कोण हे ठाऊक आहे, तिथे तिची ओळख लपवण्यासाठी दुसरा रहिवासी कागदावर जन्माला आला. छायाचित्रांतून फिरलेल्या महामार्गावरच्या हिरव्या पाटीवर आकडा आहे तो 2010 चा: मोनोवाय, 1.