जिल्हा परिषद, पंचायत समितीचा फॉर्म: कागद अडते कुठं

छाननीच्या दिवशी तहसीलच्या आवारात रडकुंडीला आलेले उमेदवार दर खेपेला दिसतात. चांगली माणसं असतात, गावात वजन असते, पण कागदावर अडतात, म्हणून लिहून ठेवतो.

झेडपीचा एक गट म्हणजे पंचायत समितीचे दोन गण, गटातून एक झेडपी मेंबर अन दोन गणांतून समितीचे दोन, आणि समितीचा सभापती झाला की तो पदामुळं झेडपीतही बसते. 21 वर्षं पूर्ण, यादीत नाव, शपथपत्र, वेगळं बँक खातं, शौचालय वापराचा दाखला, हे सारं दोन-चार दिवसांत होते.

होत नाही ते व्हॅलिडिटीचं. जागा राखीव असली तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि निवडून आल्यावर 6 महिन्यांत देतो असं हमीपत्र जोडता येते, अन लोकांना वाटते पोच लावली म्हणजे झालं. नाही हो! निकालापासून 6 महिन्यांत ते आलं नाही तर निवडच रद्द, तीही मागच्या तारखेपासून. पडताळणीत जातीचा पुरावा मागतात तो ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, एससीला 10 ऑगस्ट 1950 आणि एसटीला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा. आता ज्याचा आजा शाळेची पायरीच चढला नाही त्याचं नाव दाखल-खारीज रजिस्टरात कुठून येईल? साहेब लोक हे ऐकूनच घेत नाहीत. अशा वेळी तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची नक्कल काढा, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदीत जात लिहिलेली भेटते, पण साल अन गाव नीट माहीत असल्याशिवाय शोधता येत नाही, घरच्या म्हाताऱ्यांना आधी विचारून घ्या. आरक्षणाची सोडत निघाली त्याच आठवड्यात हे काम हाती घ्या भाऊ, फॉर्मच्या आदल्या दिवशी नाही.

दुसरा घोळ दोन लेकरांच्या अटीतल्या 12 सप्टेंबर 2001 या तारखेचा, त्यानंतर लेकरू होऊन एकूण दोनच्या वर गेली तर उभं राहता येत नाही. त्याआधीची लेकरं मोजतच नाहीत असं बरेच जण धरून बसतात. मोजतात. आधीची तीन अन नंतर एकही नाही, तर चालते. आधीची दोन अन नंतर एक झालं, तर फॉर्म बाद. एका लेकरावर पुढच्या बाळंतपणात जुळी झाली तर ती एकच धरतात, तेव्हा उगाच घाबरून माघार घेऊ नका, जन्मदाखले घेऊन जा.

झेडपी किंवा समितीच्या कामाच्या कंत्राटात हिस्सा असेल तरी अपात्र, नालीचं छोटं काम असलं तरी.

आणि हरलेल्यांनो, तुमच्यासाठी खास सांगतो, खर्चाचा हिशोब निकालानंतर 30 दिवसांत तुम्हालाही द्यावाच लागते. नाही दिला तर 5 वर्षांपर्यंत उभं राहता येत नाही. तूर काढायच्या गडबडीत हे राहून जाते, म्हणून बिलं रोजच्या रोज एका पिशवीत टाकत जा आणि हिशोब दिल्याची पोच सही-शिक्क्यासकट मागून घ्या.