पीएमईजीपीतून कर्ज आणि सबसिडी: पात्रता, कागदपत्रे आणि बँकेतली खरी परीक्षा

‘पस्तीस टक्के सबसिडी मिळते म्हणे,’ हे वाक्य गावोगावी ऐकू येतं. ते खरं आहे, पण अर्धंच. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, ही २००८ पासून चालणारी केंद्र सरकारची योजना. राबवतो खादी व ग्रामोद्योग आयोग. महाराष्ट्रात त्याच्या जोडीला राज्याचं खादी व ग्रामोद्योग मंडळ आणि प्रत्येक जिल्ह्यातलं जिल्हा उद्योग केंद्र (डीआयसी) असतं. कर्ज मात्र बँक देते आणि द्यायचं की नाही हेही बँकच ठरवते. सबसिडी त्या कर्जाच्या मागून येते. हा क्रम डोक्यात पक्का असेल तर पुढचं बरंच सोपं जातं.

इथले आकडे २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी केलेल्या सुधारित नियमांतले आहेत. अर्ज करण्याआधी डीआयसीत एकदा चालू नियम विचारून घ्या.

अर्जदार १८ वर्षांचा झालेला असावा. वयाला वरची मर्यादा नाही, उत्पन्नाचीही अट नाही. उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर किंवा सेवा उद्योग ५ लाखांच्या वर असेल तर आठवी पास असणं लागतं. त्याखाली शिक्षणाची अट नाही. उद्योग नवा हवा. चालू धंद्याला नवं नाव देऊन अर्ज करता येत नाही. आधी दुसऱ्या सरकारी योजनेतून सबसिडी घेतलेली असेल तरीही दार बंद. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो आणि इथे कुटुंब म्हणजे नवरा-बायको. त्यामुळे अर्ज कोणाच्या नावावर करायचा हे घरात आधीच बसून ठरवावं. सबसिडीच्या हिशेबाने तो बहुतेकदा बाईच्या नावावर फायद्याचा ठरतो, पण धंदा खरोखर ती चालवणार असेल तरच. बँकेतला अधिकारी दोन प्रश्नांत ओळखतो.

प्रकल्पखर्चाची कमाल मर्यादा उत्पादनासाठी ५० लाख, सेवेसाठी २० लाख. खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाने स्वतःचे १० टक्के घालायचे; त्याला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के सबसिडी. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, दिव्यांग, माजी सैनिक, तृतीयपंथी हे विशेष प्रवर्गात येतात. आकांक्षित जिल्ह्यांतले, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेल्या जिल्ह्यांतले, अर्जदारही त्यातच धरले जातात. आपल्याकडे नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि धाराशिव. विशेष प्रवर्गाचा स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के, सबसिडी शहरात २५ आणि ग्रामीणला ३५.

समजा, ग्रामपंचायत हद्दीत एका बाईंना १० लाखांचं मसाला कांडप युनिट टाकायचं आहे. त्यांचे ५० हजार, बँकेचे साडेनऊ लाख, सबसिडी साडेतीन लाख. हेच युनिट खुल्या प्रवर्गातल्या माणसाने नगरपालिका हद्दीत टाकलं तर त्याचा एक लाख, बँकेचे नऊ लाख आणि सबसिडी दीड लाख. दोघांत दोन लाखांचा फरक पडला. ग्रामीण की शहरी हे युनिटच्या जागेवरून ठरतं. पंचायतीच्या हद्दीत ते ग्रामीण, नगरपालिकेच्या हद्दीत शहरी. शहराला खेटून असलेल्या गावात गाळा भाड्याने मिळत असेल तर हा हिशेब जरूर मांडावा.

आता लोक जिथे फसतात ती गोष्ट. हे साडेतीन लाख हातात येत नाहीत. ते बँकेतच तुमच्या नावाने तीन वर्षांच्या मुदत ठेवीत अडकवून ठेवतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षं युनिट चाललं, प्रत्यक्ष पडताळणी झाली, की ती रक्कम कर्जखात्यात वळती होते. सबसिडीतून गाडी घ्यायची किंवा जुनी उसनवारी फेडायची, असं कोणी सुचवत असेल तर त्याला योजना कळलेली नाही.

अर्ज खादी आयोगाच्या ई-पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. त्याला शुल्क नाही. ‘फाइल पास करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देण्याचं काहीही कारण नाही. योजनेच्या नियमांतही मध्यस्थाला जागा नाही. अर्जासोबत फोटो, आधार, शिक्षणाचा दाखला, लागू असल्यास जातीचा किंवा अन्य प्रवर्गाचा दाखला, जागा ग्रामीण असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला आणि प्रकल्प अहवाल. आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि दाखल्यावरचं नाव अक्षरशः जुळतं का ते आधी तपासा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे अर्ज इथेच अडतात. जातीचा दाखला नसेल तर तो प्रांत कार्यालयाकडून यायला वेळ लागतो, म्हणून सुरुवात त्यापासून करावी. पुढे बँक पॅन, खात्याचे उतारे, जागेचा उतारा किंवा भाडेकरार आणि यंत्रांची कोटेशनं मागते.

छाननी झाली की अर्ज तुम्ही निवडलेल्या बँक शाखेकडे जातो आणि तिथे सगळं प्रकल्प अहवालावर येतं. पाचशे रुपयांत मिळणारा तयार अहवाल बँकवाल्यांनी शंभरदा पाहिलेला असतो. त्यात गाव बदललेलं असतं, आकडे तेच. तुमच्या अहवालात यंत्र कोणाकडून, जीएसटीसह किती रुपयांना, वीजजोड किती अश्वशक्तीचा, कच्चा माल कुठल्या बाजारातून आणि माल घेणार कोण, हे असावं. मिरची कांडायची असेल तर हंगामातला आणि हंगामाबाहेरचा भाव वेगळा दाखवा. पहिल्या महिन्यापासून यंत्र पूर्ण क्षमतेने चालेल असं लिहू नका, कोणी विश्वास ठेवत नाही. दोन दुकानदारांनी माल घेऊ असं लेखी दिलं तर ते जोडा.

अहवालातल्या खर्चात जमिनीची किंमत धरता येत नाही. गाळ्याचं भाडं धरता येतं, तेही जास्तीत जास्त तीन वर्षांचं. खेळतं भांडवल फुगवण्याचा मोह टाळावा: मंजूर मर्यादा तीन वर्षांत वापरली गेली नाही तर त्या प्रमाणात सबसिडी परत जाते. पिकाची नुसती लागवड बसत नाही, त्यावरची प्रक्रिया बसते. दारू, तंबाखू, विडी हे बाद.

‘तारण नाही म्हणून कर्ज नाही’ असं उत्तर मिळालं तर एवढं माहीत असू द्या: १० लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्यावरच्या रकमेला पतहमी योजनेचं, म्हणजे तारणाऐवजी कर्जाची हमी देणाऱ्या योजनेचं, कवच घेता येतं. पण सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीवरून ठरणारी पत, बिघडलेलं असेल, मोबाइलचा हप्तासुद्धा थकलेला असेल, तर तो आधी निस्तरा. नकार आलाच तर कारण लेखी मागा आणि ते घेऊन डीआयसीत जा.

मंजुरीनंतर उद्योजकता प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते झाल्याशिवाय सबसिडीचा दावा पुढे सरकत नाही. मग स्वतःचा वाटा भरायचा आणि बँक पैसे टप्प्याने, बहुधा थेट यंत्रविक्रेत्याच्या खात्यात सोडते. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंद, मोफत आहे, ती करून ठेवा. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न परवानाही लागेल.

यंत्राची बिलं, हप्त्याच्या पावत्या, कामगारांचं हजेरीपत्रक आणि वीजबिलं एका फायलीत ठेवा. पडताळणीला येणारा माणूस हेच मागतो. तीन वर्षं संपली की शाखेत जाऊन कर्जखात्याचा उतारा काढा आणि सबसिडीची रक्कम वळती झाली का ते पाहा. झाली नसेल तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.