दोन सेकंद आणि चाळीस हात

वैशाखात यवतमाळकडच्या शेतातली विहीर खाली गेली की पहिला प्रश्न दोराचा. "किती लागन?" जुनं माणूस खडा सोडतं, 'डुबुक' ऐकतं अन् सांगतं, "चाळीस हात असन." हा अंदाज पडताळायला दहावीचं वर्गसमीकरण पुरतं.

नुसता सोडलेला खडा पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो, दुसऱ्यात आणखी १४.७. अंतर वेळेच्या वर्गाच्या पटीत वाढतं: ४.९ × वेळ². समजा, आवाज बरोबर २ सेकंदांनी आला. मग खोली १९.६ मीटर?

नाही. त्या २ सेकंदांत दोन प्रवास आहेत, खडा खाली गेला आणि आवाज वर आला. ३१ अंशांच्या आसपासच्या हवेत आवाज सेकंदाला ३५० मीटर जातो. पडण्याचा वेळ क्ष धरला, तर आवाजाला उरले २ − क्ष. अंतर दोघांचं एकच, म्हणून ४.९क्ष² = ३५०(२ − क्ष), म्हणजेच

४.९क्ष² + ३५०क्ष − ७०० = ०

सूत्राने दोन उत्तरं येतात: सुमारे १.९५ आणि उणे ७३. खडा सोडण्याआधी पडू शकत नाही, म्हणून दुसरं सोडायचं. भास्कराचार्यांनीही बाराव्या शतकात, 'बीजगणिता'तल्या माकडांच्या कळपाच्या उदाहरणात, ५० आणि ५ या दोन उत्तरांपैकी ५ नाकारलं. ते घेतलं तर गुहेत शिरलेल्या माकडांच्या हिशेबात उणे संख्या येते. समीकरण दोन्ही उत्तरं देतं. कोणतं घ्यायचं ते विहिरीकडे पाहून ठरवावं लागतं.

खोली येते १८.६ मीटर. दीड फुटाचा हात धरला तर चाळीस हातांच्या जरा वर. म्हाताऱ्याचा कान चांगलाच तयार म्हणायचा! आवाजाचा वेळ विसरलो असतो, तर दोन हात जास्त आले असते.

पण खरी अडचण वेगळीच आहे. घड्याळ दाबायला २ ऐवजी २.२ सेकंद झाले, तर उत्तर २२.४ मीटर येतं, जवळपास चार मीटरची चूक! पाण्यावर आदळताना खड्याचा वेग सेकंदाला १९ मीटर असतो, म्हणून अंगठ्याचा क्षणभराचा उशीरही महागात पडतो. त्यापेक्षा मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करावा: काठावर दोन दगड टक्कन आपटून त्याच क्षणी दुसऱ्याने खडा सोडायचा, आणि पडद्यावर दिसणाऱ्या 'टक्क' आणि 'डुबुक' या दोन आवाजांच्या टोकांमधला वेळ मोजायचा. आठ-दहा वेळा करून सरासरी घ्या. आणि विहिरीला कठडा नसेल तर वाकून पाहू नका, कान पुरेसा आहे.