निर्यातीसाठी एलयूटी: पात्रता, कागदपत्रे आणि मुदती

निर्यातीवर जीएसटी नसतो, असे बाजारात सगळेच सांगतात. ते अर्धेच खरे आहे. कायद्याने निर्यातीला शून्य दर दिला असला तरी तो घ्यायचे दोन रस्ते आहेत. एक, आयजीएसटी (आंतरराज्य आणि परदेशी व्यवहारांना लागणारा जीएसटी) भरून माल पाठवायचा आणि मग परताव्याची वाट बघायची. दुसरा, आधी सरकारला हमीपत्र म्हणजे एलयूटी देऊन कर न भरता माल पाठवायचा. छोट्या निर्यातदाराने दुसराच रस्ता धरावा. पहिल्यात खेळते भांडवल अडकते, आणि त्यावरचे व्याज बँक आपल्याकडूनच घेते.

जीएसटी नोंदणी असलेल्या जवळपास कोणालाही एलयूटी देता येते. अडीच कोटींहून जास्त करचुकवेगिरीचा खटला झालेल्यांना मात्र बँक हमीसह बाँड द्यावा लागतो. उलाढाल कमी असेल तर नोंदणी न करण्याची जी सूट असते, ती मालाच्या निर्यातीत नाही. पहिली पेटी पाठवायच्या आधीच नोंदणी हवी. कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या) छोट्या व्यापाऱ्याला तर माल निर्यात करताच येत नाही, आधी नियमित करदाता व्हावे लागते.

माल पाठवणाऱ्याला डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालयाचा) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांकही लागतो. अर्ज ऑनलाइन, शुल्क ५०० रुपये; पॅन, पत्त्याचा पुरावा आणि रद्द केलेला चेक एवढ्यावर काम होते. पॅन क्रमांक हाच आयईसी क्रमांक. मिळाला की विसरू नका: दरवर्षी एप्रिल ते जून या काळात, काही बदल नसला तरी, माहिती अद्ययावत करावी लागते. नाही केली तर आयईसी निष्क्रिय होतो, आणि ते बहुधा माल बंदरावर पोहोचल्यावरच कळते. बँकेकडून एडी कोडचे (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँक शाखेच्या क्रमांकाचे) पत्र घेऊन सीमाशुल्क विभागाच्या आइसगेट पोर्टलवर त्याचीही नोंद करा.

खुद्द एलयूटीचा अर्ज सोपा आहे. जीएसटी पोर्टलवर सेवा विभागात आरएफडी-११ हा फॉर्म मिळेल. आर्थिक वर्ष निवडा, हमीच्या अटींपुढे खूण करा, दोन साक्षीदारांची नावे, पत्ते, व्यवसाय भरा आणि डिजिटल सही किंवा ओटीपीने सादर करा. आधीचे एलयूटी कागदावर दिले असेल तरच ते जोडायचे. एआरएन, म्हणजे अर्जाचा पोच क्रमांक आला की एलयूटी मंजूर झाले असे समजतात, अधिकाऱ्याच्या सहीसाठी थांबावे लागत नाही.

दिलेले एलयूटी त्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंतच चालते. नव्या वर्षाचे एलयूटी मार्चमध्येच भरून टाका, कारण एप्रिलच्या पहिल्या बिलापासून ते लागते. बिलावर माल एलयूटीखाली, आयजीएसटी न भरता निर्यात होत असल्याचा शेराही हवा.

हमी कसली, तर बिलाच्या तारखेपासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर जाईल याची. सेवा असेल तर वर्षभरात, किंवा परकीय चलन कायद्याने (फेमा) दिलेली मुदत त्याहून जास्त असेल तर तेवढ्या काळात, परकीय चलन येईल याची. हे चुकले तर पुढच्या पंधरा दिवसांत व्याजासह कर भरावा लागतो. मालाची मुदत आयुक्त वाढवू शकतात, पण त्यासाठी अर्ज आपणच करायचा. कच्च्या मालावर भरलेल्या कराचा परतावा आरएफडी-०१ या फॉर्ममधून मागता येतो, त्याची मुदत दोन वर्षे.