बाहेर ४५ डिग्री असलं म्हणून खांदा वॉर्मअप होत नाही

मे महिन्यात आमच्या जिममध्ये एक वाक्य रोज ऐकू येतं, "वॉर्मअप काहून करू भाऊ, अंग तर तसंही तापलंच आहे." परवा असंच म्हणत एका पोराने दोनदा हात फिरवले आणि थेट ६० किलो लावून बेंचवर आडवा झाला, तिसऱ्या रेपला उजवा खांदा कानाकडे चढला आणि बार रॅकवर टाकून दंड चोळत बसला.

नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, पण त्या दिवशीही धडधाकट माणसाच्या अंगात आतलं तापमान ३७ च्याच आसपास होतं, घाम त्यासाठीच तर येतो. स्नायू तापतो तो काम करून. तो जी ऊर्जा जाळतो त्यातली जेमतेम पाव हिस्सा हालचालीत जाते, बाकीची उष्णता होते, आणि तापलेल्या स्नायूत रक्त जास्त खेळतं, ऑक्सिजन लवकर सुटतो.

पण खांद्याचं खरं काम याच्याही पुढचं आहे. मांडीचं हाड खोल वाटीत बसतं, दंडाच्या हाडाचा गोळा मात्र एका उथळ बशीला नुसता टेकलेला असतो, म्हणून हात चौफेर फिरतो आणि म्हणूनच निखळतोही. तो गोळा बशीत दाबून धरतात चार छोटे स्नायू: सुप्रास्पायनॅटस, इन्फ्रास्पायनॅटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस, मिळून रोटेटर कफ. हात उचलताना खांद्यावरचा मोठा स्नायू डेल्टॉइड हाडाला वर ओढतो, त्याच वेळी कफ गोळ्याला आत आणि खाली दाबतो, दोघांचा जोर जुळला की गोळा जागच्या जागी फिरतो. नाही जुळला तर तो वर सरकतो, आणि वर ऍक्रोमियनपर्यंत, म्हणजे खांद्याच्या टोकावरच्या हाडापर्यंत, जागा असते फक्त सेंटीमीटरभर, त्यातूनच सुप्रास्पायनॅटसचं टेंडन, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारी दोरी, जातं!

शिवाय खवाटा, म्हणजे पाठीवरचं तिकोनी हाड. कोणाच्या तरी खवाट्याच्या खालच्या टोकावर बोट ठेवा आणि त्याला हात हळूहळू वर न्यायला सांगा, टोक बोटाखालून काखेकडे सरकताना कळतं. हात पूर्ण वर नेतानाच्या १८० अंशांतले साधारण १२० खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० खवाट्यातून.

हा ताळमेळ उन्हाने जागा होत नाही, हलक्या वजनाने तीच हालचाल केली की होतो. पाच मिनिटं हातांसकट अंग हलवा, मग कोपर बरगडीला चिकटवून हलका रबर बँड बाहेर ओढायचा, १५ वेळा, मग भिंतीवर पुशअप्स, मग रिकामा २० किलोचा बार, ३५, ५० आणि मग ६०. दाराच्या चौकटीत छाती मिनिट-मिनिट ताणून धरणं व्यायामानंतर ठेवा, आधी केलं तर जोर थोडा वेळ किंचित कमी पडतो.

आणि बाम चोळून वॉर्मअप होत नाही, त्याने फक्त त्वचेतल्या नसांना गरम-थंड वाटतं. "नस चढली" म्हणून हात खटकन ओढून देणाऱ्याकडे तर जाऊच नका बाप्पा, रात्री खांदा ठणकत असेल किंवा हात वर जातच नसेल तर हाडांच्या डॉक्टरला दाखवा.

डिसेंबरात पहाटे गच्चीवर जोर मारणाऱ्यांनी भिंतीवरचे पुशअप्स दुप्पट करावेत, स्वेटर अंगात ठेवूनच.