दडवलेलं की पडलेलं?

अजिंक्यताऱ्याचा वेढा इकडे पोरासोरांनाही पाठ आहे. डिसेंबर 1699 मध्ये मोगल पायथ्याशी आले, एप्रिल 1700 मध्ये मंगळाईच्या बुरुजाखालचा सुरुंग त्यांच्यावरच उलटला, तरी काही दिवसांत किल्ला गेला. त्या महिन्यांतली घोंगडी, तोबरे, पखाली कधीच कुजल्या. मातीत टिकतं ते लोखंड आणि शिसं: रिकीब, नाल, बंदुकीची गोळी. गोळीवर पांढुरकं पुट चढलेलं असतं. एका अंगानं चेपली असेल तर झाडलेली. गोल राहून साच्याची शिवण दिसत असेल तर बहुधा घाईत हातातून निसटलेली.

अशा जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचा गोंधळ 1878 पासूनचा. त्या वर्षी दोन कायदे आले. एकानं हत्यारांना परवाना लावला. दुसरा निखात निधीचा: मातीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं, तर कलेक्टरला लेखी कळवायचं. घोडं अडतं ते ‘निखात’पाशी. निखात म्हणजे पुरलेलं. मोहरांचा हंडा पुरतात, गोळी कोण पुरतं? ती पडते. मग रिकीब ‘निधी’ कशी, असं हौशी मंडळी विचारतात आणि वस्तू खिशात घालतात. मला ही पळवाटच वाटते. कायदा सोन्यानाण्यापुरता बोलत नाही, ‘कोणत्याही मोलाची वस्तू’ म्हणतो. आणि दहा रुपयांत आज वडापावही येत नाही.

1972 चा पुरावस्तू कायदा 1976 मध्ये लागू झाला. तो पुरली की पडली हे विचारतच नाही, शंभर वर्षं मोजतो. धंदा करायला परवाना हवा, खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वर्षांची ही रेघ दरवर्षी पुढे सरकते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावचे 46 जण पहिल्या महायुद्धात गेले. त्या युद्धात पडलेल्यांच्या घरी सरकारनं कांस्याची गोल चकती पाठवली होती. तीही आता शंभरी ओलांडून या व्याख्येत येऊन बसली.

जुलै 2024 मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्यात आली, 2025 मध्ये प्रतापगड जागतिक वारशाच्या यादीत गेला. तेव्हापासून जे हाती येईल ते ‘शिवकालीन’. शिवराई, म्हणजे तांब्याचं मराठेशाही नाणं, तर एकोणिसाव्या शतकातही चलनात होती. पण डबीवर चिठ्ठी तीच, आणि कुठल्या गावच्या कुठल्या शेतात सापडली, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं.