नोव्हेलो की विल्यम्स? दोन वेल्श नट-नाटककारांची नेहमीची गल्लत

‘तो वेल्सचा नट, जो स्वतःची नाटकं स्वतःच लिहायचा, दिग्दर्शक हिचकॉकबरोबरही काम केलं होतं...’ जुन्या ब्रिटिश चित्रपटांच्या गप्पांत असं वर्णन निघालं की एक जण आयव्हर नोव्हेलोचं नाव घेतो, दुसरा एम्लिन विल्यम्सचं. आणि वर्णन दोघांनाही लागू पडतं! पण लिहिणारे म्हणून हे दोघं जवळजवळ दोन टोकांना उभे आहेत, आणि ते ओळखायला मे १९३५ इतका सोयीचा महिना दुसरा नाही.

त्या महिन्यात लंडनच्या कॅथरीन स्ट्रीटवर दोघांची नवी नाटकं लागली. ड्रुरी लेनच्या अवाढव्य थिएटरात नोव्हेलोचं ‘ग्लॅमरस नाइट’ आणि काही पावलांवरच्या छोट्या डचेस थिएटरात विल्यम्सचं ‘नाइट मस्ट फॉल’. दोन्ही नावांत ‘नाइट’, दोन्हीकडे लेखकच नायक. गल्लत होणार नाही तर काय!

‘ग्लॅमरस नाइट’ हे भव्य संगीत नाटक. त्यात क्रासनिया नावाचा काल्पनिक देश आणि डोळे दिपवणारं नेपथ्य. नोव्हेलोचा पिंडच संगीताचा. १८९३ साली कार्डिफमध्ये त्याचा जन्म झाला तो डेव्हिड आयव्हर डेव्हिस या नावानं. आई क्लारा नोव्हेलो डेव्हिस गाणं शिकवायची, गायकवृंद चालवायची, आणि रंगभूमीसाठी त्यानं तिच्याच नावातलं ‘नोव्हेलो’ उचललं. पहिल्या महायुद्धात गाजलेल्या ‘कीप द होम फायर्स बर्निंग’ची चाल त्याची, तीही वयाच्या एकविसाव्या वर्षी बांधलेली. पुढे ‘द डान्सिंग इयर्स’, ‘परचान्स टू ड्रीम’, ‘किंग्ज रॅप्सडी’ अशी रांगच लागली. गंमत म्हणजे या संगीत नाटकांत तो स्वतःसाठी गाणं ठेवायचा नाही. लहानपणी ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या चर्चमध्ये गाणारा हा मुलगा मोठेपणी नायक व्हायचा, पियानोवर बसायचा, पण गाणी दुसऱ्यांच्या तोंडी द्यायचा. आपलं बळ कशात आहे हे इतकं नेमकं ओळखणारे नट थोडे असतात.

आता डचेसमध्ये चला. पडदा वर जाताच न्यायाधीश एका खुन्याचं अपील फेटाळताना दिसतात. म्हणजे खून कोणी केला हे कोडं उरतच नाही. पुढे एसेक्समधल्या एका बंगल्यात चाकाच्या खुर्चीतल्या म्हातारीशी लाडीगोडी लावणारा डॅन येतो. हॉटेलातला हरकाम्या पोऱ्या, बोलायला गोड. त्याच्या सामानात टोपी ठेवायची एक जड पेटी असते. जवळपास एका बाईचं मुंडकं नसलेलं प्रेत सापडलेलं असतं. पेटी कोणी आपल्यासमोर उघडत नाही, आणि म्हणूनच तिच्यावरून नजर हटत नाही. डॅनची ही भूमिका विल्यम्सनं स्वतःसाठी लिहिली होती. माझ्या मते रहस्यनाटकाच्या लेखनात हे धाडस फार मोठं आहे: रहस्य आधीच सांगून टाकायचं आणि तरी घाम फोडायचा.

नोव्हेलोवरही एकदा खुनी ठरायची वेळ आली होती. हिचकॉकच्या ‘द लॉजर’मध्ये (१९२७) तो धुक्यातून, चेहरा गुंडाळून भाड्यानं खोली मागायला येतो आणि घरमालकिणीला संशय येतो. पण प्रेक्षकांचा हा लाडका नट खुनी असून चालणार नव्हतं, म्हणून शेवटी तो निर्दोष ठरतो. विल्यम्सचं हिचकॉकशी नातं वेगळं: १९३४च्या ‘द मॅन हू न्यू टू मच’साठी त्यानं काही संवाद लिहिले.

खरा फरक वेल्सचा आहे. नोव्हेलोच्या संगीत नाटकांतलं जग बरंचसं कल्पनारम्य. विल्यम्स मात्र आपल्या मुलखाकडे परत परत गेला. तो १९०५ साली फ्लिंटशायरमध्ये जन्मला, वेल्श बोलणाऱ्या घरात. शाळेत मिस कुक नावाच्या शिक्षिकेनं त्याची हुशारी हेरली, पाठीशी उभी राहिली, आणि शिष्यवृत्ती मिळवून तो ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चला पोचला. ‘द कॉर्न इज ग्रीन’ (१९३८) हे नाटक याच ऋणातून आलं. खाणकामगारांच्या गावात शाळा काढणारी मिस मॉफट रंगवली सिबिल थॉर्नडाइकनं, आणि तिचा विद्यार्थी मॉर्गन इव्हान्स झाला विल्यम्स. चित्रपटात (१९४५) मिस मॉफट होती बेटी डेव्हिस. १९४९ साली त्यानं ‘द लास्ट डेज ऑफ डॉल्विन’ लिहिला, दिग्दर्शित केला, त्यात कामही केलं. पाण्याखाली जाणाऱ्या वेल्श गावाची ही गोष्ट, आणि रिचर्ड बर्टनचा हा पहिला चित्रपट.

मार्च १९५१ मध्ये ‘किंग्ज रॅप्सडी’चा प्रयोग संपवून घरी गेलेला नोव्हेलो काही तासांत हृदयविकारानं गेला. त्याच वर्षी विल्यम्सनं दाढी लावून, डिकन्सच्या वाचनमेजाची हुबेहूब प्रतिकृती समोर ठेवून त्याच्या कथांचे एकपात्री प्रयोग सुरू केले, आणि ते त्याला जगभर घेऊन गेले. विल्यम्स १९८७ साली वारला.

ब्रिटनमध्ये गीतकार-संगीतकारांना मिळणारे ‘आयव्हर’ पुरस्कार नोव्हेलोच्या नावाचे. लंडनच्या ऑल्डविचमधलं नोव्हेलो थिएटरही त्याचंच. त्याच्या माथ्यावरच्या फ्लॅटमध्ये तो कित्येक वर्षं राहिला. विल्यम्सला गाठायचं असेल तर ‘जॉर्ज’ हे त्याचं आत्मचरित्र वाचा. तरुणपणापर्यंतचा सगळा प्रवास, मिस कुकसकट, त्यात आहे.